वूस्टरच्या न्यू रोडवर एक दिवस: काउंटी क्रिकेट बघणाऱ्यांचा धागा

सेव्हर्नकाठ

बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळींत काउंटी क्रिकेटचा, म्हणजे इंग्लंडच्या परगण्यांच्या संघांमधल्या सामन्यांचा, विषय निघाला की सगळे तिथल्या एजबॅस्टन मैदानाचं नाव घेतात. एजबॅस्टन उत्तमच आहे, पण ते कसोटीच्या गर्दीसाठी बांधलेलं. चार दिवसांच्या सामन्याला तिथे माणसं विखरून बसतात आणि रिकाम्या खुर्च्याच जास्त नजरेत भरतात. काउंटी क्रिकेट पहिल्यांदा बघणार असाल तर माझं ऐका, वूस्टरला जा.

बर्मिंगहॅमहून ट्रेनने फोरगेट स्ट्रीट स्टेशनला उतरायचं, गावातून नदीकडे चालायचं, सेव्हर्नचा पूल ओलांडला की डाव्या हाताला मैदान. टॅक्सी वगैरे काही लागत नाही. आत शिरलात की आधी जागा शोधा. नदीपलीकडचं कॅथेड्रल समोर दिसेल अशा बाकावर बसा. इंग्लंडचा राजा जॉन तिथे पुरलेला आहे आणि दर तासाला तिथली घंटा मैदानावर ऐकू येते. १८९९ पासून इथे प्रथम श्रेणीचे सामने होत आहेत. ब्रॅडमनने १९३०, १९३४ आणि १९३८ या तिन्ही दौऱ्यांत इथे द्विशतक ठोकलं, १९४८ साली शतकावर भागवलं. १९४६ चा आपला दौराही इथूनच सुरू झाला होता, मर्चंट, हजारे आणि मंकड त्या दौऱ्यावर होते.

पण मी लिहायला बसलो ते इतिहासासाठी नाही. तिथे प्रेक्षकाला खेळाच्या किती जवळ जाऊ देतात, ते मला सांगायचंय. मी वानखेडेवर सामने बघितलेत, लॉर्ड्सवर कसोटीही बघितली. तिथला आवाज, ते वातावरण दुसरीकडे मिळणार नाही हे खरं. पण गोलंदाज काय करतोय हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते काउंटीच्या मैदानावर, कारण तिथे तुम्हाला उठून हवं तिथे जाऊन बसता येतं. तिकिटावर खुर्चीचा आकडा असला तरी सामन्याला तुफान गर्दी नसेल तर कोणी हटकत नाही. सकाळी गोलंदाजाच्या मागे बसा, दुपारी स्क्वेअर लेगला जा, ऊन तापलं की झाडाखाली सरका.

मे महिन्यातल्या एका सकाळचं सांगतो. खेळ अकराला सुरू झाला, आकाश ढगाळ, पाहुणा संघ फलंदाजीला. मी साइटस्क्रीनच्या बाजूला, अगदी सीमारेषेला लागून बसलो होतो. उजव्या हाताचा एक मध्यमगती गोलंदाज. नाव मोठं नाही, वेगही बेताचा. त्याने सलग चार चेंडू एकाच टप्प्यावर टाकले, ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, आणि चारही चेंडू बाहेर गेले. फलंदाजाने चारही सोडून दिले. बॅट उंच धरून सोडताना त्याचा पुढचा पाय दर वेळी थोडा थोडा कमी पुढे येत होता. पाचवा चेंडू तोच टप्पा, तीच रेषा, फक्त शिवण दुसरीकडे कललेली. चेंडू आत आला, पॅडवर लागला आणि पंचांचं बोट वर. मागे टीव्हीचा रीप्ले नाही, डीआरएस नाही. फलंदाजाने मान वळवून खेळपट्टीकडे एकदा बघितलं आणि चालू लागला. त्या पाच चेंडूंत घडलेलं सगळं डोळ्यांसमोर होतं. ड्यूक्सचा, म्हणजे इंग्लंडात वापरतात तो, चेंडू हातात फिरवताना त्याची वर आलेली शिवण तेवढ्या अंतरावरून दिसत नाही, पण गोलंदाज बोटं कुठे ठेवतोय ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं. दुर्बीण जरूर न्या.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. मांडीवर स्कोअरबुक आणि प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाची पेन्सिल. प्रत्येक चेंडूची नोंद. कोणत्या गोलंदाजाने कोणाला किती चेंडू टाकले हे पान उलटून त्यांनी मला दाखवलं, आणि तो पायचीत झालेला चेंडू लाल पेन्सिलीने कसा मांडलाय तेही समजावून सांगितलं. नवरा हयात असताना दोघं मिळून नोंद ठेवायचे, तो गोलंदाजी आणि या फलंदाजी. आता दोन्ही बाजू त्या एकट्या सांभाळतात. त्यांना सामन्यात कोण जिंकतंय यापेक्षा वही अचूक राहण्याची काळजी जास्त होती, आणि मला ते पूर्ण पटलं.

षटक संपलं की फाइन लेगचा क्षेत्ररक्षक तुमच्यापासून दहा पावलांवर येऊन उभा राहतो. लहान मुलं वही पुढे करतात, तो दोन चेंडूंच्या मधल्या वेळात नाही, पण षटकांच्या मध्ये सही करून देतो. उपाहाराला एक वाजता खेळाडू आत गेले की बऱ्याच काउंटी मैदानांवर प्रेक्षकांना आउटफिल्डवर जाऊ देतात. मुलं प्लास्टिकची बॅट घेऊन खेळतात, मोठी माणसं खेळपट्टीभोवतीच्या दोरीपर्यंत जाऊन तिच्याकडे टक लावून बघतात. मीही बघितली. पहिल्या सत्रात गुड लेंग्थवर पडलेले ठसे, पॉपिंग क्रीजपुढे गोलंदाजांच्या बुटांनी खणलेली माती. चौथ्या दिवशी फिरकीपटू हीच माती शोधणार हे तेव्हा डोळ्यांनी कळतं.

वूस्टरला उपाहारात लेडीज पॅव्हेलियनकडे जायचंच. तिथला चहा आणि घरगुती केक सगळ्या इंग्लंडात प्रसिद्ध आहेत. कॉफी-अक्रोडाचा केक लवकर संपतो, म्हणून रांगेत आधी उभे राहा. घरचा डबाही आत नेता येतो. आम्ही मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी नेली होती, शेजारच्या बाईंनी चटणी चाखून आणखी मागून घेतली.

दुपारी खेळ संथ झाला. चेंडू जुना, ऊन पडलेलं, दोन फलंदाज टिकून. नव्या प्रेक्षकाला कंटाळा येतो तो इथेच, आणि मला हाच भाग सगळ्यांत आवडतो. कर्णधार क्षेत्ररक्षण बदलत राहतो, गली काढतो, शॉर्ट मिडविकेट आणतो, फलंदाजाला एक मोह दाखवतो आणि वाट बघतो. दिवसाची किमान ९६ षटकं टाकायची असतात, म्हणून घाई कोणालाच नसते. ८० षटकांनंतर नवा चेंडू येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधीच्या अर्ध्या तासात फलंदाज धावा लुटतात आणि गोलंदाज दम राखून ठेवतात.

आता झहीर खान. श्रीरामपूरच्या या पोराला भारतीय संघातून वगळलेलं असताना २००६ साली तो याच वूस्टरशरकडून खेळला. काउंट्यांच्या चार दिवसांच्या स्पर्धेत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, त्याने ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध तर एका डावात १३८ धावांत ९. त्याच वर्षाअखेर तो भारतीय संघात परतला, आणि २००७ साली इंग्लंडविरुद्ध ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने ९ बळी घेऊन आपल्याला मालिका जिंकून दिली. मैदानाच्या बाहेरच्या बाजूने चालताना मी नेहमी विचार करतो, की थंडीत, मोजक्या माणसांसमोर, आठवड्यामागून आठवडे षटकं टाकत त्याने ती लय मिळवली. ट्रेंट ब्रिज सगळ्यांनी बघितलं, त्याआधीचा तो उन्हाळा वूस्टरच्या लोकांनी बघितला. तिथल्या जुन्या सदस्यांना आजही त्याचं नाव सांगितलं की चेहरा खुलतो.

तुम्ही कुठल्या काउंटीचे सामने बघता? लिहा.

खडकवासला_एक्स्प्रेस

छान लिहिलंय. एक प्रामाणिक शंका. एका दिवसाचं तिकीट काढायचं, सामना चार दिवसांचा, निकाल माझ्यासमोर लागणार नाही. मग दिवसभर बसून हाती काय लागतं? मी टीव्हीवर कसोटी बघतो, पण ती मध्ये मध्ये.

सेव्हर्नकाठ

@खडकवासला_एक्स्प्रेस, निकाल नसला तरी दिवसभर काहीतरी पणाला लागलेलं असतं. गुणांची पद्धतच तशी आहे. पहिल्या डावाच्या पहिल्या ११० षटकांत २५० धावा झाल्या की फलंदाजीचा एक बोनस गुण, मग ३००, ३५०, ४०० आणि ४५० ला एकेक. गोलंदाजांना तीन, सहा आणि नऊ गडी बाद केले की गुण. त्यामुळे संध्याकाळी सहा वाजता ३४१ धावा आणि नववी जोडी मैदानावर असेल तर शेवटच्या नऊ धावांसाठी सगळं मैदान पुढे सरकून बसतं. मोसमाच्या शेवटी कोण वर चढणार आणि कोण खालच्या विभागात जाणार हे अशा एकेका गुणावर ठरलेलं आहे.

दुसरं असं, की तुम्ही एकच दिवस गेलात तरी उरलेले दिवस फुकट बघता येतात. बहुतेक काउंट्या यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करतात, त्याला बीबीसीच्या स्थानिक रेडिओचं समालोचन जोडलेलं असतं. मैदान एकदा डोळ्यांखालून गेलं की मग ते प्रक्षेपण निराळंच दिसतं.

लीड्सकर

हेडिंग्लेला, यॉर्कशरच्या मैदानावर, जाणारा माणूस इथे गप्प बसूच शकत नाही. यॉर्कशरने शंभरहून जास्त वर्षं काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यांनाच खेळवलं. १९९२ साली दार उघडलं, ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज मॅकडरमॉटला घेतलं, तो जखमी झाला आणि त्याच्या जागी १९ वर्षांचा सचिन आला. यॉर्कशरचा पहिला परदेशी खेळाडू आपला साहित्य सहवासातला पोरगा! त्या मोसमात त्याने हजारावर धावा केल्या, शतक एकच. आकडे त्याच्या मानाने साधे आहेत. पण इथल्या म्हाताऱ्यांशी बोला, ते धावा सांगत नाहीत. हा मुलगा ड्यूजबरीत राहायचा, क्लबच्या पोरांबरोबर मिसळायचा, हे सांगतात. ज्या काउंटीने बाहेरच्याला कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं, तिथे त्याला घरचं मानलं गेलं. मला हे शंभर शतकांइतकंच मोलाचं वाटतं.

आणि उन्हाळ्यात यॉर्कशर काही सामने स्कारबराला खेळतं. समुद्रकिनाऱ्याचं गाव, नॉर्थ मरीन रोडचं मैदान, लाकडी बाकं, आणि प्रेक्षक खचाखच. काउंटीला माणसं येत नाहीत म्हणणाऱ्याने एकदा तिथे यावं.

जुना_दादरकर

सचिनच्या आधी फरोख इंजिनियर. दादर पारशी कॉलनीतला हा माणूस १९६८ ते १९७६ लँकेशरकडून खेळला आणि पुढे तिकडचाच झाला. १९७१ च्या जिलेट कपची, म्हणजे काउंट्यांच्या एकदिवसीय स्पर्धेची, उपांत्य फेरी ओल्ड ट्रॅफर्डवर रात्री जवळजवळ नऊपर्यंत चालली होती. अंधार पडलेला, रस्त्यावरचे दिवे लागलेले, आणि डेव्हिड ह्यूजने एका षटकात २४ धावा काढून सामना फिरवला. इंजिनियर त्या संघात होता. माझे वडील तो किस्सा पेपरात वाचलेल्या आठवणीवरून असा रंगवून सांगायचे, की आम्हा भावंडांना तो पाठ झाला होता.

गावसकर १९८० साली सॉमरसेटकडून खेळला तेही नोंदवून ठेवा. व्हिव्ह रिचर्ड्स त्या उन्हाळ्यात वेस्ट इंडिजबरोबर दौऱ्यावर होता, त्याच्या जागी.

टोनकाठचा

दादरकर काका, सॉमरसेटचं नाव काढलंत, आता त्यांच्या टॉन्टनच्या मैदानावर जाणारा मी लिहितो. सॉमरसेट १८९१ पासून चॅम्पियनशिपमध्ये आहे आणि आजवर एकदाही जिंकलेलं नाही. २०१० साली, २०१६ साली, २०१९ साली अगदी दारापर्यंत जाऊन परत आलं. तरी इथले लोक दर एप्रिलला नव्या उमेदीने येतात.

सप्टेंबर २०२४ चा सरेविरुद्धचा सामना ज्यांनी मैदानात बसून बघितला ते भाग्यवान. सरे सामना वाचवत होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचं कडं, दोन्ही टोकांनी फिरकी, आणि दिवस संपायला काही मिनिटं उरली असताना दहावा गडी गेला. अठरा वर्षांच्या आर्ची व्हॉनने सामन्यात ११ बळी घेतले. शेवटच्या तासात कोणी चहा प्यायलाही उठलं नाही. विजेतेपद पुढे सरेनेच नेलं, पण त्या संध्याकाळी टॉन्टनमध्ये कोणाला त्याचं काही नव्हतं.

स्पष्ट_बोलतो

सगळ्यांची आठवण छान आहे, पण एक बाजू कोणी मांडत नाहीये. काउंट्या स्वतःच्या प्रेक्षकांवर जगत नाहीत. त्यांना इंग्लंड बोर्डाचे, म्हणजे टीव्हीचे पैसे लागतात, आणि ते पैसे कसोटी आणि आता द हंड्रेड या शंभर-शंभर चेंडूंच्या स्पर्धेतून येतात. १८ काउंट्या, प्रत्येकी १४ सामने, एवढा पसारा कशासाठी? रिलायन्सने ओव्हलच्या हंड्रेड संघात ४९ टक्के हिस्सा घेतला तो चार दिवसांचं क्रिकेट बघून नाही.

सेव्हर्नकाठ

@स्पष्ट_बोलतो, पैशाचं म्हणता ते बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण तो पैसा ज्या कसोटी संघामुळे येतो तो संघ घडतो कुठे? चार षटकांत गोलंदाज घडत नाही. झहीरचं उदाहरण वर दिलंच आहे. सामने १४ वरून कमी करायचे का यावर २०२५ साली काउंट्यांमध्ये मोठी चर्चा झाली आणि शेवटी १४ च ठेवले. त्यामागे सदस्यांचा आवाज होता. बहुतेक काउंट्या अजून सदस्यांच्या मालकीच्या आहेत. स्कोअरबुक भरणाऱ्या त्या बाई नुसत्या प्रेक्षक नाहीत, क्लबच्या सभेत हात वर करणाऱ्या मालक आहेत. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे सामान्य क्रिकेटवेड्याला संघटनेच्या कारभारात असा हक्क कुठे आहे?

आणि वूस्टरचं तर पुराशी कायमचं वैर. सेव्हर्न हिवाळ्यात दर थोड्या वर्षांनी मैदानावर येते. २००७ साली भर उन्हाळ्यात आली, २०२४ साली मोसमाच्या सुरुवातीचे घरचे सामने किडरमिन्स्टरला हलवावे लागले. कॅथेड्रलच्या खाली नदीकडे उतरणारा एक दगडी दरवाजा आहे, त्याच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा साल घालून कोरल्यात. १९४७ ची खूण माणसाच्या डोक्याच्या वर आहे. तिथे उभं राहून पलीकडच्या मैदानाकडे बघा, मग कळेल दर पुरानंतर गाळ काढून ती हिरवळ पुन्हा उभी करणाऱ्या माणसांनी काय केलंय. हिशेबाच्या वहीत याला जागा नसेल, पण कोणी पैशाचं गणित मांडताना हेही समोर ठेवावं एवढंच माझं म्हणणं.

संत्रानगरी

नागपूरकर म्हणून लिहितो. आमचं सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान गावात आहे, झाडं आहेत, रणजीचे सामने तिथे बघायला अजूनही ओळखीचे चेहरे भेटतात. जामठ्याचं मोठं स्टेडियम सुंदर आहे, पण गावाबाहेर. कामावरून लवकर सुटलेला माणूस चहापानानंतरचं सत्र बघायला तिकडे कसा जाणार? विदर्भाने रणजी जिंकली तेव्हा सगळं नागपूर खूश झालं, साखळीतले सामने मात्र फार थोड्यांनी बघितले.

खडकवासला_एक्स्प्रेस

हेच गहुंज्याचं. प्रवेश फुकट असला तरी जायला-यायला अर्धा दिवस. सावलीची जागा, पाणी, चहाची टपरी आणि आज कोण खेळतंय हे सांगणारा एक कागद एवढं मिळालं तरी पुण्यात रणजी बघणारे निघतील. आमच्याकडे क्रिकेट कळणाऱ्यांची वानवा नाही. मार्च २०२४ ला वानखेडेवर मुंबई-विदर्भ अंतिम सामन्यात विदर्भ ५३८ चा पाठलाग करत पाचव्या दिवशीही लढत होतं, तेव्हा बघणाऱ्यांनी दोन्ही संघांना टाळ्या दिल्याच ना.

सेव्हर्नकाठ

ही यादी मनापासून पटली. तो कागद फार महत्त्वाचा. वूस्टरला फाटकापाशी छापील स्कोअरकार्ड मिळतं, त्यावर दोन्ही संघांची नावं आणि धावा लिहायला मोकळ्या रेघा. लहान मुलांच्या हातात तो कागद आणि पेन्सिल दिली की ती दुपारपर्यंत जागची हलत नाहीत.

दोघांची_आई

मुलांचा विषय निघालाच आहे तर विचारते. आम्ही कोव्हेंट्रीला राहतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, क्लबात खेळते. ऑगस्टच्या सुट्टीत तिला काउंटीचा सामना दाखवायचाय. वूस्टरला नेलं तर चालेल?

सेव्हर्नकाठ

ताई, जरूर न्या, पण ऑगस्टमध्ये चॅम्पियनशिपचे सामने फारसे नसतात. तेव्हा हंड्रेड चालू असतं आणि काउंट्या ५० षटकांचा वन-डे कप खेळतात. मुलीसाठी तेच उत्तम, निकाल एका दिवसात. आणि या स्पर्धेला हलकं समजू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पृथ्वी शॉने नॉर्थॅम्प्टनला सॉमरसेटविरुद्ध २४४ केल्या त्या याच स्पर्धेत.

चार दिवसांचा दाखवायचा असेल तर मे महिन्यातली शाळेची छोटी सुट्टी बघा. एप्रिलमध्ये नको, नदीवरून वारा येतो आणि स्वेटरवर जॅकेट घालूनही मुलं गारठतात. टोपी, बसायला उशी, थर्मास आणि एक ब्लँकेट घ्या. मुलांचं तिकीट अगदी कमी असतं, कधी कधी फुकटही. उपाहाराला मैदानावर जाऊ देतात का ते फाटकावरच्या माणसाला सकाळीच विचारून ठेवा, पाऊस झाला असेल तर नाही सोडत. आणि तिची बॅट न्यायला विसरू नका.

दोघांची_आई

खूप आभार. मे महिन्याचं वेळापत्रक लागलं की इथेच टाकते. कोणी येणार असेल तर सांगा, डब्याचं मी बघते.

लीड्सकर

यॉर्कशरचा सामना वूस्टरला आला तर मी येतो. नाही आला तर हेडिंग्लेला तुम्ही या, वेस्टर्न टेरेसला जागा धरून ठेवतो.